घरी पाहुणे, अंगात संधिवात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला रुमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे संधिवाताचा एक प्रकार, होऊन 14 वर्षं झाली. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, दोन बेडरूमचं घर. सासरचे गौरी-गणपती आता आमच्याकडे असतात, त्यामुळे भाद्रपदात साताऱ्याहून सासरची आणि नाशिकहून माहेरची माणसं येतात. एका वर्षी घरात आम्ही 11 जण होतो. खालचे प्रश्न मला लॅबमध्ये रक्त तपासायला द्यायच्या रांगेत, सोसायटीच्या जिन्यात आणि फोनवर बायकांनी विचारलेले आहेत. पुरुषही विचारतात, पण त्यांच्यासाठी बहुतेक वेळा बायकोच विचारते. औषधाचा डोस किती आणि कसा हे तुमचे डॉक्टर ठरवतील. घर कसं चालवायचं, तेवढं मी सांगू शकते.

पाहुणे येणार असं कळलं की सगळ्यात आधी काय करायचं?

कॅलेंडर काढायचं. त्या दिवसांत मेथोट्रेक्सेटचा (या आजारावरचं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध) वार कधी येतो, रक्ततपासणी कधी आहे, गोळ्या कधी संपतात, हे तिन्ही त्यावर लिहायचं. मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड चालू असेल तर रक्तातल्या पेशी आणि यकृत यांची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. ती पाहुणे यायच्या आधी उरकून घ्या, म्हणजे गौरीजेवणाच्या सकाळी लॅबमध्ये बसावं लागणार नाही. पेठांमध्ये राहत असाल तर औषधं दोन आठवडे पुरतील इतकी आधीच आणा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ता मिरवणुकीसाठी बंद असतात, मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, आणि गल्लीतून बाहेर पडणंसुद्धा अवघड होतं.

मग फोन. हा फोन पाहुणे यायच्या निदान आठ दिवस आधी झाला पाहिजे. माझ्या अनुभवात आधी सांगितलेलं सगळ्यांना पटतं. तेच ऐन पंगतीच्या वेळी सांगितलं की माणसं दुखावतात, आणि आपल्यालाही रडू येतं.

पण सांगायचं काय? दिसायला मी धडधाकट दिसते.

हाच खरा प्रश्न आहे. बहुतेक नातेवाइकांच्या मनात संधिवात म्हणजे म्हातारपणची गुडघेदुखी. "माझेही गुडघे दुखतात गं," असं काकू म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. म्हणून फरक सांगा. गुडघ्याची झीज वय, वजन आणि वापर यांच्यामुळे वाढत जाते. आपल्या आजारात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यामुळे सांधे सुजतात, आणि उपचार झाले नाहीत तर हाड आणि कूर्चा झिजून बोटं वाकडी होतात. तो तिशी-चाळिशीतही होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, साधारण दोन ते तीन पट. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पावलं हे लहान सांधे आधी धरतात.

इतकं सगळं फोनवर सांगायची गरज नाही. मी तीन गोष्टी सांगते: सकाळी आठपर्यंत माझे हात चालत नाहीत, दुपारी मला एक तास आडवं व्हावं लागतं, आणि जड काही उचलता येत नाही. बस. "मला बरं नसतं" असं मोघम बोललात की समोरच्याला काहीच करता येत नाही. "कुकरचं झाकण मला निघत नाही" म्हटलं की कोणीतरी उठून येतं.

सकाळी उशिरा उठले तर सासूबाईंना काय वाटेल?

सांगितलं नाही तर काहीतरी वाटणारच. साडेपाचला मला जाग येते, पण हात पांघरुणाबाहेर काढला की बोटं अर्धी वळलेली असतात. ना सरळ होतात, ना मूठ मिटते. टूथपेस्टचं झाकण नवरा रात्रीच सैल करून ठेवतो. मी बादलीभर कोमट पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसते आणि एकेक बोट हलवत राहते. चहाचा कप उचलायचा तो दोन्ही तळव्यांत धरून, आणि तोही साडेसातच्या पुढे.

सासूबाई पाचला उठणाऱ्या. पहिली दोन वर्षं त्या आंघोळ करून, केस विंचरून हॉलमध्ये गप्प बसून राहायच्या. माझ्या स्वयंपाकघरात आपणहून शिरणं त्यांना बरं वाटत नव्हतं, आणि मी आत पडल्या पडल्या भांड्याचा आवाज येतो का म्हणून कान देऊन असायची. तिसऱ्या वर्षी मी बोलले. "आई, आठपर्यंत माझे हात माझे नसतात. सकाळचा चहा तुम्ही कराल का? डबे खालच्या फळीवर काढून ठेवलेत." त्या म्हणाल्या, "अगं, मग आधी बोलायचंस की! मला वाटायचं, मी आलेली तुला आवडत नाही." दोन वर्षं आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना जाग्या होतो.

चहा-साखरेचे डबे, गाळणं, लायटर आदल्या रात्री ओट्यावर समोर ठेवा. पाहुण्यांना शोधाशोध करावी लागली की ते तुम्हाला हाक मारतात.

मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं. पाहुणे असताना एक आठवडा गोळी टाळली तर?

स्वतःच्या मनाने टाळू नका. हे औषध आठवड्यांच्या हिशेबाने काम करतं, सुरुवातीला परिणाम दिसायलाच 6 ते 12 आठवडे लागतात. एखादा डोस चुकल्याने आभाळ कोसळत नाही, पण "पाहुणे गेल्यावर घेते" असं म्हणत दोन-तीन आठवडे निघून जातात आणि मग दुखणं उसळतं. वार बदलायचा असेल तर तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांशी बोला. मी माझा वार असाच एकदा बदलून घेतला आहे. काहींना गोळी रात्री जेवणानंतर घेतल्याने मळमळ कमी होते, तेही विचारा. डोस चुकलाच तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

इथे मला एक प्रसंग सांगायलाच हवा. माझ्याकडे सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आहे. एका वर्षी घरातल्या एका मोठ्या बाईंनी मला मदत म्हणून ती भरून ठेवली. माझी मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड, दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळट. त्यांनी सातही कप्प्यांत मेथोट्रेक्सेट घातली होती. मंगळवारची गोळी हातावर घेतली तेव्हा ती नेहमीपेक्षा जरा लहान वाटली, म्हणून मी पाकीट पाहिलं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड येण्यापासून रक्तातल्या पेशी एकदम कमी होण्यापर्यंत मजल जाते, आणि त्यातून माणसं दगावलेली आहेत. त्या बाईंचा काही दोष नव्हता, मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. आता मेथोट्रेक्सेटचं पाकीट वेगळ्या डबीत, कपाटात, वर मार्करने वार लिहून ठेवलेलं असतं. डबी भरायचं काम फक्त माझं किंवा नवऱ्याचं.

हरतालिकेचा निर्जळी उपास करू का?

मी करत नाही. स्टेरॉईड आणि दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की पोटात आग पडते, अल्सरची भीती असते, आणि पाणी न पिता दुखण्याच्या गोळ्या घेणं मूत्रपिंडाला झेपत नाही. उपासापायी स्टेरॉईड एकदम बंद करणं तर धोक्याचंच. पूजा करते, फळं-दूध घेते. कोणी विचारलं तर "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरतं. वाद घालत बसू नका.

मोदक आणि पुरणपोळ्या कोणी करायच्या?

ज्याची बोटं चालतात त्याने. हे लिहायला सोपं वाटतं, पण मला इथे यायला पाच वर्षं लागली.

उकडीचा मोदक म्हणजे बोटांच्या टोकांचं काम. गरम उकड मळायची, पारी पातळ करत न्यायची, मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक कळी काढायची. चिमूट धरणं हीच हालचाल या आजाराला सगळ्यात नकोशी. एका वर्षी हट्टाने 21 मोदक मी एकटीने केले. दहाव्या मोदकाला अंगठ्याच्या बुडाशी ठणका सुरू झाला, पंधराव्यापासून कळ्या नीट मिटेनात, तोंडं उघडीच राहायला लागली. मी ते उघडे मोदक पातेल्यात मागच्या बाजूला लपवले. संध्याकाळी आरतीचं ताट हातात धरता येईना. सूज उतरायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी मुलाची वेणी काय, साधी बटणं लावू शकले नाही. (मुलगा लहान होता आणि त्याला तेव्हा शेंडीसारखी वेणी घालून हवी असायची.)

आता नैवेद्याचे 21 घरी होतात: उकड नवरा मळतो, पाऱ्या आणि कळ्या नणंद करते, सारणातला गूळ आणि मीठ किती हे मी सांगते. बाकीचे ऑर्डरचे. पुण्यात घरगुती मोदक आणि पुरणपोळ्या करून देणाऱ्या बायका जवळपास प्रत्येक भागात आहेत, फक्त नाव आठ-दहा दिवस आधी द्यावं लागतं. गौरीच्या पोळ्या मी त्यांच्याकडूनच आणते. गौरीला 16 भाज्यांचा नैवेद्य असतो तो आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी हॉलमध्ये बसून निवडायचा-चिरायचा. पाहुण्यांना तो वेळ फार आवडतो असा माझा अनुभव आहे, गप्पा तिथेच होतात.

"काही करू का?" असं सगळे विचारतात. मी "नको, बसा" म्हणते. मग चिडचिड होते.

आमच्याकडे फ्रिजवर कागद लावलेला असतो. प्यायचं पाणी भरणं, कुकर लावणं-उघडणं, दुधाच्या पिशव्या कापून दूध तापवणं, नारळ फोडणं आणि खवणं, गाद्या घालणं-उचलणं, पिळे वाळत घालणं. विचारणाऱ्याने कागदावरचं काम उचलायचं. पहिल्या वर्षी तो लावताना माझे हात थरथरत होते, पाहुण्यांना कामं वाटून देणारी सून असं कोणी म्हणेल म्हणून. दिरांनी पहिल्याच दिवशी दूध आणि नारळ आपल्या नावावर करून टाकले.

नातेवाईक काढे, लेप आणि पुड्या आणतात. नाही कसं म्हणू?

लेप, शेक, तेल यांना मी सहसा नाही म्हणत नाही. कातडी सोलवटलेली नसेल आणि बरं वाटत असेल तर कोणी प्रेमाने हाताला तेल लावावं, यासारखं सुख नाही. पोटात घ्यायच्या गोष्टींना मात्र नाहीच. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. मेथोट्रेक्सेटचाही भार यकृतावर असतो. बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. "तीन दिवसांत दुखणं गायब" होण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. दारूही यकृतासाठीच नको, भावोजींनी कितीही आग्रह केला तरी.

मी पुडी हातात घेते, "डॉक्टरांना दाखवते" म्हणते, आणि खरंच पुढच्या वेळी दाखवते. आंबट, दही, टोमॅटो, वांगी सोड असं सांगणारेही भेटतात. ते खाल्ल्याने हा आजार वाढतो याला भक्कम पुरावा नाही. तुम्हाला स्वतःला एखाद्या पदार्थाने त्रास होत असेल तर तो टाळा, बाकी पानात सगळं वाढून घ्या.

इंजेक्शन फ्रिजमध्ये असतं, आणि गणपतीत फ्रिज भरून जातो.

बायोलॉजिक इंजेक्शनं (आपल्यापैकी काहींना या आजारासाठी देतात ती) 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायची असतात आणि गोठू द्यायची नसतात. एकदा गोठलं तर ते वाया गेलं, आणि त्याची किंमत पाहता रडू येईल. पाहुणे श्रीखंडाचा डबा बसवायला तुमचा खोका मागे, थंड हवेच्या झोताला सारतात. दारातही नको, दार दिवसभर उघडझाप होत असतं. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, डब्यावर "हलवू नका" लिहून ठेवा. घरातल्या मुलांना दाखवून ठेवा. मोठ्यांपेक्षा तीच राखण करतात.

सगळ्यांना गणपती बघायला न्यायचं असतं. मला जमेल का?

जमेल, वेळ निवडून. गर्दी पहाटे कमी असते, पण पहाटे आपले सांधे आखडलेले. म्हणून आठवड्याच्या मधल्या वाराची दुपार, साधारण बारा ते तीन. कोथरूडकरांनी वनाजहून मेट्रो घ्यावी, जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलून कसबा पेठ किंवा मंडईला उतरावं. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला, आणि माझ्यासारखीला तो मोठा आधार आहे, कारण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे मानाचे पाचही एका दिवसात बघायचा हट्ट नको. दोन बघावेत, मंडईजवळ कुठेतरी टेकावं, परत यावं. दगडूशेठला मी रांग लावत नाही, समोरच्या रस्त्यावरून हात जोडते.

पर्वतीच्या शंभराच्या वर पायऱ्या आहेत, तिथे मी खाली थांबते. पाहुण्यांना सिंहगड हवा असेल तर गाडीने वर जाता येतं, पण वाहनतळापासून पुढे पायऱ्या आणि दगडी वाट आहे. मी तिथेच पिठलं-भाकरी खाऊन थांबते. सरसकट "मी नाही येत" म्हणण्यापेक्षा "इथपर्यंत येते" म्हटलं की सगळ्यांचा मूड राहतो.

पाहुण्यांपैकी कोणाला ताप-खोकला असेल तर?

आपली औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे हे स्पष्ट विचारायला हवं. फोनवरच विचारा, "मुलांना सर्दी-ताप नाही ना? कांजिण्या नाहीत ना?" असतील तर भेट पुढे ढकला, संकोच करू नका. आधीच येऊन पोचले असतील तर वेगळी खोली, मास्क, खिडक्या उघड्या. तुम्हालाच ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवा, पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा ते त्यांना विचारा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. को-ट्रायमॉक्साझोलसारखी काही अँटिबायोटिक्स तिच्याबरोबर घातक ठरतात.

नातवंडं, भाचरं "उचलून घे" म्हणतात.

बसा आणि मांडीवर घ्या. उभ्याने उचलायचंच असेल तर बोटांवर भार न देता कोपरापासूनच्या हातावर घ्या.

पाहुणे असतानाच दुखणं उसळलं तर?

आधी काम थांबवा. सुजलेल्या गरम सांध्याला थंड शेक, आखडलेल्याला गरम. स्टेरॉईडचा डोस स्वतः वाढवू नका, दुखण्याची जादा गोळी पाहुण्यांच्या पर्समधून घेऊ नका. डॉक्टरांना फोन करा, बहुतेकांनी अशा दिवसांसाठी काय करायचं ते आधीच लिहून दिलेलं असतं. नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. एकच सांधा अचानक लाल, गरम, असह्य दुखणारा झाला आणि अंगात ताप आला, तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, मग घरात आरती चालू असली तरी. धाप लागणं आणि कोरडा खोकला न थांबणं यांचंही तसंच.

नवऱ्याने काय करायचं?

त्याच्याकडच्या नातेवाइकांना फोन त्यानेच करायचा. सुनेने सांगितलं की सबब वाटते, मुलाने सांगितलं की माहिती वाटते. आमच्याकडे हे फार उशिरा सुरू झालं. आणि पंगतीत वाढायला उठायचं, रोज.

आम्हीच पाहुणे म्हणून जातोय, तिला संधिवात आहे. काय लक्षात ठेवावं?

येण्याची आणि जाण्याची तारीख नक्की सांगा. हस्तांदोलन करताना हात दाबू नका. "आज बरी दिसतेस" म्हणण्याऐवजी "आज हात कसे आहेत?" विचारा. दुपारी ती आत गेली की टीव्हीचा आवाज कमी करा. जाताना चादरी-उशांचे अभ्रे काढून मशीनमध्ये टाकून जा.

पाहुणे गेल्यावर मी दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. हे बरोबर आहे का?

तो शीण आजाराचाच भाग आहे, आळस नाही. मी ते दोन दिवस आधीपासूनच कॅलेंडरवर रिकामे ठेवते, कामवाल्या मावशींना त्या दिवशी जास्तीचे पैसे देऊन भांडी-कपडे उरकून घेते, जेवण डब्याचं. पूर्ण पडून मात्र राहत नाही, सकाळ-संध्याकाळ घरातल्या घरात चालते, नाहीतर सांधे आणखी आखडतात. तिसऱ्या दिवशी गोळ्यांची डबी उघडते, पुन्हा मोजून भरते, आणि सासूबाई साताऱ्याला पोचून दोन दिवस झाले असले तरी फोन करून विचारते, "आई, आज चहा झाला का तुमचा?"